वाचकांचे प्रश्न : कार्लटनच्या प्रशिक्षकाला दोष किती द्यावा?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मेलबर्नमध्ये राहतात. जावई कार्लटन क्लबचे सभासद आहेत आणि त्यांच्यामुळे आम्ही उभयता घोडबंदर रोडवरच्या घरी बसून गेले काही हंगाम ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे सामने पाहू लागलो आहोत. २०२५ मध्ये संघ अकराव्या स्थानावर घसरला आणि हंगाम संपल्यावर गोल करणारा प्रमुख खेळाडू चार्ली कर्नो सिडनी संघाकडे निघून गेला. प्रशिक्षक मायकेल व्हॉस यांना आता निरोप द्यायला हवा, असे जावई म्हणतात. सतत प्रशिक्षक बदलल्यामुळेच क्लबची ही अवस्था झाली, असे मुलीचे म्हणणे आहे. आपले मत काय? २०२६ च्या हंगामाकडून कोणती अपेक्षा ठेवावी?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या जावयांची तक्रार खरी आहे, परंतु तिच्यावरचा त्यांचा उपाय मला पटत नाही. कार्लटनने आजवर १६ विजेतेपदे मिळवली आहेत, पण त्यांतले शेवटचे १९९५ चे आहे. या दीर्घ प्रतीक्षेने क्लबला उतावीळ केले. प्रशिक्षकांपैकी मिक माल्टहाउस यांना मे २०१५ मध्ये, ब्रेंडन बोल्टन यांना जून २०१९ मध्ये आणि डेव्हिड टीग यांना २०२१ च्या हंगामानंतर जावे लागले. पहिल्या दोघांना तर हंगाम पुरा करण्याचीही संधी मिळाली नाही. या स्पर्धेत खेळाडूंच्या एकूण मानधनावर मर्यादा असते, आणि तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सर्वांत आधी निवड करता येते. त्यामुळे केवळ पैसा ओतून एका वर्षात संघ उभा करता येत नाही. अठरा वर्षांचा मुलगा निवडायचा आणि तो चार-पाच वर्षांत तयार होईल याची वाट पाहायची, हाच मुख्य मार्ग उरतो. जो क्लब तेवढ्या काळात प्रशिक्षकच बदलतो, त्याच्याकडे एकाने एका पद्धतीसाठी निवडलेले खेळाडू दुसऱ्याच्या दुसऱ्या पद्धतीत बसवण्याचे काम कायम शिल्लक राहते. इथवर आपल्या मुलीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

आता व्हॉस यांच्या कामगिरीकडे पाहू. खेळाडू म्हणून त्यांचे स्थान वादातीत आहे, कारण ब्रिस्बेनने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन विजेतेपदे त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळवली. पुढे त्याच ब्रिस्बेनचे प्रशिक्षक म्हणून मात्र ते अपयशी ठरले आणि २०१३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर पोर्ट ॲडलेड संघात सहायक प्रशिक्षक म्हणून काम करून ते २०२२ च्या हंगामापासून कार्लटनकडे आले. त्या पहिल्याच वर्षी अखेरच्या फेरीत कोलिंगवुडकडून एका गुणाने (या खेळात एका गोलालाच सहा गुण मिळतात) हरल्यामुळे संघ अव्वल आठांतून, म्हणजे बाद फेरीतून, बाहेर राहिला. २०२३ मध्ये हंगामाच्या मध्यावर संघ पंधराव्या स्थानावर होता आणि प्रशिक्षकाला हटवण्याची चर्चा उघडपणे सुरू झाली होती. त्यानंतर संघाने सलग नऊ सामने जिंकले, पाचवे स्थान मिळवले, बाद फेरीत सिडनीला सहा आणि मेलबर्नला दोन गुणांनी हरवले आणि उपांत्य लढतीत ब्रिस्बेनमध्ये १६ गुणांनी पराभव पत्करला. खेळाडूंचा प्रशिक्षकावरचा विश्वास उडाला असता, तर पंधराव्या स्थानावरून अशी उभारी घेणे शक्य झाले नसते. व्हॉस यांच्या बाजूने मांडता येईल असा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो विसरणे अन्यायाचे होईल.

त्यांच्या विरोधातला पुरावाही तितकाच ठोस आहे. २०२४ मध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचलेला संघ हंगामाच्या उत्तरार्धात ढेपाळत आठव्या स्थानावर आला आणि बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत कार्लटनचा एकही गुण होण्यापूर्वी ब्रिस्बेनने ६० गुण नोंदवले. दुखापतींनी संघ पोखरला होता हे खरे, आणि पुढे विजेता ठरलेल्या संघाकडून हा पराभव झाला हेही खरे. परंतु २०२५ च्या पहिल्याच सामन्यात, ज्या रिचमंडकडून कोणालाच फारशी अपेक्षा नव्हती त्या संघाविरुद्ध, ४१ गुणांची आघाडी गमावून संघ १३ गुणांनी हरला, तेव्हा दुखापतींचे कारण पुरेसे राहिले नाही. त्या वर्षी पहिल्या अर्ध्या सामन्यात उत्तम खेळायचे आणि दुसऱ्या अर्ध्यात प्रतिस्पर्ध्याने डावपेच बदलले की गोंधळून जायचे, हे चित्र वारंवार दिसले. आघाडी टिकवणे हे खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा तयारीचे आणि मध्यंतरात घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचे काम असते, म्हणून ही उणीव मी थेट प्रशिक्षकाच्या खात्यात मांडतो. पॅट्रिक क्रिप्ससारखा, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचे ब्राउनलो पदक दोन वेळा मिळवलेला कर्णधार आणि जेकब वाइटरिंगसारखा बचावपटू हाताशी असताना ४१ गुणांची आघाडी जाते, तेव्हा दोष पद्धतीत शोधावा लागतो.

तरीही हटवू नये असे मी का म्हणतो? जीलाँगचा संघ २००६ मध्ये दहाव्या स्थानावर राहिला, तेव्हा प्रशिक्षक मार्क थॉम्पसन यांची नोकरी जाणार असे सर्वांना वाटत होते. क्लबने संपूर्ण कामकाजाचा आढावा घेतला, व्यवस्थापनात बदल केले, परंतु थॉम्पसन यांना ठेवले. पुढच्याच वर्षी जीलाँगने ४४ वर्षांनंतर विजेतेपद मिळवले आणि तेही अंतिम सामन्यात विक्रमी ११९ गुणांनी. रिचमंडचे डेमियन हार्डविक यांच्या संघाने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत हार पत्करली आणि २०१६ मध्ये तो तेराव्या स्थानावर गेला. तेथेही प्रशिक्षक कायम राहिला, सहायक बदलले, खेळण्याची पद्धत बदलली आणि २०१७, २०१९ व २०२० मध्ये विजेतेपदे आली. या दोन्ही क्लबांनी निव्वळ धीर धरला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी प्रशिक्षकाच्या भोवतालची माणसे आणि कामाची रीत बदलली. नुसता धीर धरल्याने काही साधत नाही, हे मेलबर्न संघाने दाखवून दिले आहे : २०२१ चे विजेतेपद मिळवून देणारे सायमन गुडविन यांच्या कारकिर्दीत पुढे दोन वर्षे बाद फेरीत लागोपाठ दोन-दोन पराभव झाले, मग संघ अव्वल आठांबाहेर गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनाही जावे लागले.

जीलाँगच्या त्या आढाव्याच्या वेळी क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले ब्रायन कुक पुढे कार्लटनचे मुख्य कार्यकारी झाले आणि आता ती जबाबदारी ग्रॅहम राइट यांच्याकडे आहे, तेव्हा हा मार्ग कार्लटनला अगदीच अपरिचित नसावा. व्हॉस यांचा करार २०२६ अखेरपर्यंतचा आहे, तो पूर्ण होऊ द्यावा. त्याआधी करार वाढवू नये आणि हंगामाच्या मध्यात, दोन-तीन पराभवांनंतर, घाईने तोडूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संघाच्या भवितव्याविषयी आपल्याला फार आशा दाखवणे योग्य होणार नाही. कर्नोने २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे सर्वाधिक गोलांसाठीचे कोलमन पदक मिळवले होते. त्याच्याबरोबरच टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्व्हॅनी हे दोघे सेंट किल्डाकडे गेले. कर्नोच्या बदल्यात सिडनीकडून विल हेवर्ड आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले निवडहक्क मिळाले, जे दूरदृष्टीचे आहे, पण त्या निवडहक्कांचा फारसा उपयोग २०२६ मध्ये मैदानावर दिसणार नाही. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जॅगा स्मिथ गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२५ चा सबंध हंगाम मुकला. तो परतणे आणि सॅम वॉल्श सलग खेळत राहणे या दोन गोष्टी जुळून आल्या, तर मधल्या फळीत संघ कोणाशीही टक्कर देईल. गोल कोण करणार, हा प्रश्न मात्र एकट्या हॅरी मॅके याच्यावर सोपवून सुटणारा नाही. संघ गुणतालिकेच्या मध्यावर, नवव्या ते तेराव्या स्थानादरम्यान राहील असा माझा अंदाज आहे. जावयांना एवढेच सांगावे की विजयांची संख्या मोजण्याऐवजी तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमधला खेळ पाहावा. तो सुधारला नाही, तर हंगामाअखेर त्यांच्या मागणीला माझाही पाठिंबा असेल.

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि महाविद्यालयात शिकते. हा खेळ नुकताच पाहू लागले आहे. जय-पराजय सोडून प्रशिक्षकाचे काम कशावरून ओळखावे? गुणतालिकेतली टक्केवारी म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेल्या गोलाला सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्या ‘बिहाइंड’ला एक गुण मिळतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. संघाने केलेल्या एकूण गुणांना त्याने दिलेल्या गुणांनी भागून शंभराने गुणले की टक्केवारी निघते. आयपीएलच्या तालिकेत नेट रनरेट जे सांगतो, तेच ती येथे सांगते. ब्रिस्बेनने २०१७ मध्ये पाच सामने जिंकले आणि तो तळाला राहिला. २०१८ मध्येही पाचच जिंकले. विजयांचा आकडा पाहणाऱ्याला वाटले असते की नवे प्रशिक्षक ख्रिस फेगन यांना काहीच जमले नाही. परंतु टक्केवारी सुमारे ७४ वरून ८९ च्या आसपास गेली होती, म्हणजे मोठे पराभव आता लहान झाले होते. २०१९ मध्ये तोच संघ १६ सामने जिंकून दुसरा आला आणि फेगन यांच्याच हाताखाली २०२४ व २०२५ मध्ये विजेता ठरला. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत स्वतः एकही सामना न खेळलेल्या माणसाने हे घडवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

उलट दिशेनेही हेच पाहावे. कोलिंगवुडने २०२२ मध्ये १६ सामने जिंकले, पण टक्केवारी जेमतेम १०४ होती, कारण कित्येक विजय अगदी निसटते होते. अशा संघाची स्तुती करताना हात थोडा आखडता घ्यावा. पुढच्या वर्षी त्यांनी चार गुणांनी विजेतेपद मिळवले, आणि २०२४ मध्ये त्यांना अव्वल आठांतही जागा मिळाली नाही.

धावफलकातले गोल आणि बिहाइंड वेगवेगळे वाचण्याची सवय लावून घ्यावी. वरच्या उत्तरातल्या सामन्यात रिचमंडचे १३ गोल व ४ बिहाइंड, तर कार्लटनचे १० गोल व ९ बिहाइंड होते. गुण मिळवणारे फटके कार्लटनचे १९ आणि रिचमंडचे १७, तरी हरले कार्लटन. एखाद्या सामन्यात असे झाले, तर तो नेमबाजीचा दोष. महिनोन्‌महिने होत राहिले, तर संघ अवघड कोनांतूनच फटके मारतो आहे असे समजावे, आणि तो प्रश्न प्रशिक्षकालाच विचारावा लागतो. मेलबर्नच्या वेळेनुसार संध्याकाळी ७.४० ला सुरू होणारा सामना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर आपल्याकडे दुपारी ३.१० ला, तर मार्चमध्ये २.१० ला सुरू होतो. तास चुकवून दुसरा अर्धा भाग पाहायचा राहिला, असे मात्र होऊ देऊ नये.