जुन्या गाडीचा ईसीएम गेलाय असं मेकॅनिक म्हणतोय. दुसरा टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2003 ची आहे, पेट्रोल. उन्हात तासभर चालली की धाडकन बंद पडते, अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होते. गॅरेजवाले म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, गेला. नवीन मिळत नाही, म्हणून भंगारातला टाकावा का, असं विचारताय.

वडिलांच्या 2002 च्या गाडीला हेच दुखणं होतं आणि त्यात आमचे दोन उन्हाळे गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डबा विकत घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: तो खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशाने. दुसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि महिन्याभरात दुसराही डबा जळतो.

गरम झाल्यावर गाडी बंद पडत असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, घ्यायचा. अनेक गाड्यांत त्याच्या आत केसासारख्या तारेची कॉइल असते, ती तापली की तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. मग पेट्रोलचा पंप, मग इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी). ईसीएमचा नंबर या सगळ्यांनंतर. पण एक खूण फुकटात कळते. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑन करा आणि इंजिन चेकचा दिवा बघा. दिवा लागला आणि मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज आला, तर ईसीएम जागा आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. मे महिन्यात खंबाटकी घाटात आमची गाडी थांबली तेव्हा ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, इंजिनचा तेवढा लागेना. पंपही गप्प. तिथे पहिल्यांदा खात्री वाटायला लागली.

तरीही ‘जागा नाही’ म्हणजे ‘मेला’ असं नव्हे. त्याला सप्लायच पोचत नसेल. फ्यूज आणि मेन रिले बघा. मग अर्थ: मल्टिमीटरची एक पिन ईसीएमच्या अर्थच्या वायरवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टपेक्षा फारसं जास्त दिसलं तर इंजिनवरचा किंवा बॉडीवरचा अर्थचा बोल्ट गंजलाय. पॉलिश पेपरने घासून घट्ट करा, कित्येक गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात. तिसरी शक्यता अशी की ईसीएम बऱ्याच सेन्सरना 5 व्होल्ट पुरवतो. त्यातला एक जरी शॉर्ट झाला तर सगळेच आंधळे होतात आणि काही गाड्यांत डबाच मेल्यासारखा वागतो. चावी बंद करून एकेक सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढा आणि दर वेळी चावी ऑन करून बघा. एखादा काढल्यावर दिवा परत आला, तर चोर सापडला.

आणि ‘स्कॅनर लागत नाही, म्हणजे ईसीएम गेला’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगायची सोय, सक्तीची झाली ती बीएस-4 या प्रदूषण-नियमांबरोबर, 2010 मध्ये. 2003 च्या गाडीशी तो छोटा ब्लूटूथवाला स्कॅनर बोललाच पाहिजे असं नाही. त्या काळच्या बऱ्याच सुझुकी बनावटीच्या गाड्यांत डायग्नोसिस कपलरच्या दोन पिना जोडल्या की इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. एकदा, थोडं थांबून दोनदा लागला तर 12, म्हणजे काही तक्रार नाही.

आमचं सगळं तपासून झालं, तेव्हा मी गार इंजिन चालू ठेवून ईसीएमच्या डब्यावर केस वाळवायचा ड्रायर धरला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला गाडी बंद. डबा गार होऊ दिला, चालू. पुन्हा ड्रायर, पुन्हा बंद. आता शंका उरली नाही.

मग मीही तुम्ही करताय तेच केलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून साडेतीन हजारांना जुना डबा आणला. लेबलवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घेतला, आणि तो तसाच जुळला पाहिजे, कारण बीएस-2 आणि बीएस-3, एसीची आणि बिनएसीची, असे डबे दिसायला सारखे आणि आतून वेगळे असू शकतात. बसवला, सेल्फ मारला, इंजिन पेटलं आणि दोन सेकंदांत विझलं. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत होतं. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा! चावीत चिप असते, तिचा कोड इमोबिलायझरला आणि ईसीएमला, दोघांनाही ठाऊक असावा लागतो. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आपली चावी ओळखत नाही. तुमच्या गाडीला इमोबिलायझर असेल तर एकतर ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि त्या गाडीची चावी असा पूर्ण सेट घ्या, नाहीतर जुन्या डब्यातला डेटा नव्यात टाकून देणारा माणूस आधी शोधा आणि मगच पैसे मोजा.

शेवटी आमच्या मूळ डब्याचे चार स्क्रू काढले. झाकण उघडताच सुकटीसारखा वास आला. आत करंगळीच्या नखाएवढे दोन कपॅसिटर, त्यांच्या बुडाशी ओलसर तपकिरी डाग आणि बाजूची तांब्याची रेघ हिरवी पडून खाल्लेली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कपॅसिटरचं रबरी बूच सुकतं, आतलं द्रावण बोर्डावर झिरपतं आणि तांबं खातं. 1990 च्या दशकातल्या मित्सुबिशी गाड्यांचे डबे तर जगभर याच कारणासाठी उघडले गेले. ओळखीच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी ते दोन्ही बदलले, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि 105 अंश लिहिलेले, 85 वाले नाहीत. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, खाल्लेल्या रेघेवरून बारीक तार ओढली. गाडी त्यावर चौदा महिने चालली. पुन्हा कुरकुर सुरू झाली तेव्हा त्यांनीच जुन्या डब्यातली आठ पायांची मेमरी चिप उचलून कुर्ल्याच्या डब्यात बसवली. आमच्या मॉडेलमध्ये चावीचा कोड त्याच चिपमध्ये होता, म्हणून जमलं. आज तोच डबा चालतोय.

म्हणून माझं मत असं: आधी उघडून बघा, दुरुस्त होत असेल तर करा, आणि जुना डबा घेतलात तर तो सुटे भाग म्हणून जवळ असू द्या.

आता कशाने गेला त्याबद्दल. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट हवेत. 15 च्या वर जात असतील तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर डबा जाळतोय. इग्निशन कॉइल किंवा आयडल व्हॉल्व्ह शॉर्ट असेल तर तो चालवणारा ईसीएममधला ट्रान्झिस्टर जळतो, आणि तीच कॉइल ठेवून नवा डबा लावला तर तोही जळेल. पत्र्याला वेल्डिंग करताना बॅटरी सोडवली होती का, आठवून बघा. आणि पावसाळा: काचेखालच्या जाळीत पाला अडकला की पाणी डॅशबोर्डमागून डावीकडच्या पायाशी उतरतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत ईसीएम नेमका तिथेच असतो. तिथलं कार्पेट उचलून हात लावून बघा.

डबा बदलताना चावी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, बॉडीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि पिनांना बोट लावू नका. बसवल्यावर पहिली दहा मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर न दाबता आयडलवर चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं.

गाडीचं पासिंग 2023 मध्ये झालं असेल तर 2028 पर्यंत आहे, तेव्हा एवढा खटाटोप करण्यासारखा आहे. मात्र काम गॅरेजमध्ये दिलंत तर जुना डबा तिथे सोडून येऊ नका. तो मेलेला दिसला तरी तुमच्या चावीचा कोड बहुधा त्याच्यातच असतो.