नमपाय शिकतो आहेस, तर आधी शेप बघ

निफाडच्या द्राक्षबागेतलं वर्षभराचं ताशी तापमान घेऊन नमपाय (NumPy, पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) शिकतोयस, हे फार चांगलं केलंस. आपल्या भागातला डेटा असला की चुकीचं उत्तर लगेच खटकतं.

हिशेब करण्याआधी प्रत्येक अ‍ॅरेचा शेप छापून बघ. अ‍ॅरे म्हणजे आकड्यांचा तक्ता, शेप म्हणजे त्यात किती ओळी आणि किती रकाने. तुझा अ‍ॅरे ३६५ × २४ आहे: ३६५ दिवस, रोजचे २४ तास. रोजची सरासरी काढलीस की ३६५ आकडे मिळतात. ते मूळ अ‍ॅरेतून वजा करायला गेलास की एरर येते, कारण नमपाय शेप उजवीकडून जुळवतं आणि २४ समोर ३६५ येतात. सरासरी काढताना कीपडिम्स ट्रू (keepdims=True) ठेव, म्हणजे ती ३६५ × १ राहील. एरर आली तर बरंच. खरी भीती २४ दिवसांच्या तुकड्याची: कीपडिम्स विसरलास तरी २४ × २४ मध्ये शेप जुळतात, वजाबाकी बिनबोभाट होते, पण दिवसाची सरासरी तासाच्या रकान्यातून वजा होते आणि उत्तर साफ चुकतं.

स्लाइस (अ‍ॅरेतून कापलेला तुकडा) म्हणजे कॉपी नव्हे. जानेवारीचा तुकडा कापून त्यातच आकडे बदललेस तर मूळ अ‍ॅरेही बदलतो. मूळ जपायचं असेल तर कॉपी घे. मोठ्या डेटात मात्र कॉपी न होण्याची हीच सोय मेमरी वाचवते.

सेन्सर बंद असलेल्या तासांत शून्य भरू नकोस. नॅन (NaN, म्हणजे ‘आकडा नाही’ ही खूण) ठेव, आणि सरासरीसाठी नॅन वगळणारं नॅनमीन (nanmean) वापर.

पुढे नमपायच्या लायब्ररीतच योगदान द्यायचं म्हणतोस ना? मग सी भाषेतला गाभा नंतर. आधी तिच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) वाच.