‘आग्रह करू नये’ असे लिहून देण्यापूर्वी

आपले 78 वर्षांचे वडील पुढील महिन्यात ज्येष्ठ निवासात राहायला जाणार आहेत. पहारा, कॅमेरे आणि स्नानगृहातील आधाराचे दांडे आपण पाहून आला आहात. प्रवेश-अर्जातील ‘आवडीचे उपक्रम’ या रकान्यात मात्र ‘स्वभावाने एकटे राहणारे आहेत, आग्रह नको’ एवढेच लिहावे, असा आपला विचार दिसतो. आपल्या पत्रात हे वाचून मला राहवले नाही, कारण सहा वर्षांपूर्वी माझ्या आईचा अर्ज मी जवळजवळ याच शब्दांत भरला होता. निसरड्या फरश्या, उंबरठे आणि जिन्यातील उजेड यांविषयी मी काही लिहीत नाही. त्याची काळजी आपण घेतलेलीच आहे.

‘शांत राहणे पसंत करते. कार्यक्रमांसाठी आग्रह करू नये,’ असे मी लिहिले आणि खाली सही केली. आयुष्यभर माणसांच्या गराड्यात नोकरी केलेल्या आईला आता तरी मनासारखे राहता यावे, एवढाच माझा हेतू होता. पण तिला मी विचारले नव्हते. निवासात गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात ती आपण होऊन गुरुवारच्या वाचनमंडळात जाऊ लागली आणि पुढे पुढे तर इतरांना वाचून दाखवू लागली, हे मला फार उशिरा समजले.

मग तिने जाणे बंद केले. वाचनमंडळाच्या हजेरीवहीचे ते पान मी नंतर पाहिले. तिच्या नावापुढे ‘ह’, ‘ह’, ‘ह’ अशी ओळ सलग चाललेली होती आणि तिच्या शेवटी पाच रिकामे चौकोन होते. मंडळ चालवणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आले होते आणि त्यांनी कार्यालयात सांगितलेही होते. कार्यालयाने अर्ज काढला, माझे वाक्य वाचले आणि घरच्यांचीच तशी इच्छा असल्याचे सांगून विषय संपवला. मला फोन आला नाही आणि तिच्या खोलीवर जाऊन चौकशीही कोणी केली नाही.

कारण अगदी साधे होते. तिच्या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवली गेली होती आणि तेव्हापासून खुर्चीतून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असे. सर्वांसमोर तोल जाईल या धास्तीने ती खोलीतच बसून राहू लागली. पाचव्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी, रात्री दोनच्या सुमारास, ती स्नानगृहात पडली. मदतीसाठी ओढायची दोरी तिथे होती. परंतु फरशी पुसताना मध्ये येते म्हणून सफाई करणाऱ्या कोणीतरी ती टॉवेलच्या दांडीला दोन वेढे देऊन वर गाठ मारून ठेवली होती. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचणे शक्यच नव्हते. आई सकाळी साडेसहापर्यंत तशीच पडून होती. मनगट मोडले ते जुळून आले, पण साडेचार तास गार फरशीवर पडून राहण्याने जे नुकसान झाले ते भरून आले नाही. पडल्यावर तासाभराहून अधिक काळ जमिनीवर राहावे लागले तर शरीरातील पाणी कमी होते, दाबाखाली आलेले स्नायू खराब होऊ लागतात आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो, हे मला रुग्णालयात समजावून सांगण्यात आले. त्यानंतर ती आधाराशिवाय कधीच चालली नाही.

घटनेची नोंद मागितली तेव्हा कार्यालयाने मला दोन महिने थांबवले आणि शेवटी लेखी उत्तर दिले की, कुटुंबाच्या सूचनेप्रमाणेच वागण्यात आले. त्या सूचनेखाली माझी सही होती. हे लिहिताना आजही हात थांबतो. तरीही माझा राग केवळ स्वतःवर नाही. सफाईची वही एका विभागाकडे, औषधांची दुसऱ्याकडे आणि उपक्रमांची हजेरी तिसऱ्याकडे, आणि या तिन्ही वह्या एकत्र ठेवून पाहणारे कोणीही नाही, अशा व्यवस्थेला सुरक्षित म्हणणे मला मान्य नाही.

म्हणून माझे ठाम मत असे की, उपक्रमांची हजेरी हेच सुरक्षिततेचे सर्वांत लवकर कळणारे लक्षण आहे. कॅमेऱ्याला माणूस पडलेला दिसतो, पण वाचनमंडळातील रिकामी खुर्ची त्याच्या कितीतरी दिवस आधी बोललेली असते. वडिलांना गर्दी नको असेल तर ती लादू नका. मात्र अर्जात असे लिहा: ‘आग्रह नको, पण नेहमीच्या ठिकाणी सलग दोनदा गैरहजर राहिल्यास खोलीवर जाऊन विचारपूस करावी आणि आम्हाला कळवावे.’ त्यांना काय करायला आवडेल, हेही त्यांच्यासमोर बसून त्यांनाच विचारा. झाडांना पाणी घालणे किंवा एकाच जोडीदाराबरोबर बुद्धिबळ खेळणे हासुद्धा उपक्रमच आहे, कारण तिथे कोणीतरी त्यांची वाट पाहत असते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढील गोष्टी वडिलांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात आणि कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. औषध बदलले की रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. आणखी एक सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे; याला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. झोपेच्या गोळ्यांविषयी मुद्दाम विचारा, कारण रात्रीच्या पडण्यात त्यांचा वाटा अनेकदा असतो.

निवासात व्यायामाचा वर्ग असेल तर त्यात नेमके काय करून घेतात, ते एकदा बसून पाहा. नुसते खुर्चीत बसून हात हलवण्याने तोल सुधारत नाही; उभे राहून तोल सांभाळण्याचे आणि पायांत बळ आणणारे व्यायाम हवेत. वैद्यकीय संशोधनांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेचा, घरी राहणाऱ्या वृद्धांवरील 108 संशोधन-चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. 65 वर्षांवरील व्यक्तींनी असे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जो वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो, तो मला अपुरा वाटतो.

थोडे विषयांतर होईल, पण श्रवणयंत्राकडेही लक्ष असू द्या. पाचसहा जण एकदम बोलू लागले की कमी ऐकू येणारा माणूस दमून जातो आणि हळूहळू बैठकीला जाणेच सोडतो. घरच्यांना मात्र तो त्याचा स्वभाव वाटतो. श्रवणयंत्राची बॅटरी कोण बदलणार, हे कर्मचाऱ्यांपैकी एकाच्या नावावर नक्की करून घ्या.

पुढच्या भेटीत वडिलांच्या खोलीतील स्नानगृहात स्वतः फरशीवर आडवे व्हा आणि तिथून दोरीला हात पोहोचतो का ते पाहा. दोरीचे खालचे टोक जमिनीपासून साधारण 10 सेंटिमीटरवर असावे. मग दोरी खरोखर ओढा, घड्याळ लावा आणि दारात कोण येते, किती वेळाने येते, याची नोंद करा. हे दिवसा एकदा आणि रात्रपाळीत एकदा करण्याची परवानगी कार्यालयाकडून आधीच घ्या. ती नाकारली गेली, तर अर्जावर सही करू नका.