रात्रभर बाळाचा श्वास मोजणारी आई

"बाळ झोपलं की तूही झोप, असं सगळे सांगतात. पण ते झोपलं की माझं काम सुरू होतं." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बाळंतिणींच्या तोंडून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी नेहमी ऐकते. नाकाखाली बोट धरून बघायचं, छाती वरखाली होतेय का ते बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं. "मी अति करतेय का?" हा त्यांचा प्रश्न असतो. अशाच एका आईची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत, प्रश्न तसाच ठेवला आहे.

पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी सहा आठवड्यांची, पूर्ण दिवसांची, अंगावर पिणारी, वजनही नीट वाढत होतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून "बाळ छान आहे, उगीच काळजी करू नका" असं सांगितलं होतं. या उत्तराने ती आणखीच एकटी पडली होती, कारण भीती तर जात नव्हती. तिला घेऊन आलेल्या तिच्या आईला राग आणि काळजी दोन्ही आवरत नव्हतं. "रात्रभर मोबाइलची बॅटरी लावून बसते. मला नातीला अंघोळ घालायला सांगते आणि स्वतः दाराबाहेर उभी राहते. आम्हीही पोरं वाढवलीच की."

मी तिला म्हटलं, "काल रात्री काय काय झालं, ते झालं तसं सांगा." ती सांगू लागली. दोनच्या सुमाराला बाळ भराभर श्वास घेत होतं, मग एकदम थांबलं. तिने श्वास रोखून आकडे मोजले. सात-आठपर्यंत आल्यावर तिला राहवेना, तिने बाळाला हलवून जागं केलं. बाळ रडलं, प्यायलं, झोपलं. पुन्हा तेच.

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं: तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्यांसारखा एकसारखा चालत नाही. पाच ते दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर सुरू होणं पहिल्या काही महिन्यांत सर्रास दिसतं. धोका कशात, तेही मी तिला स्पष्ट सांगितलं. श्वास वीस सेकंदांच्या आसपास थांबला, ओठ किंवा जीभ निळसर पडली, बाळ लुळं पडलं, छाती आत ओढली जाऊ लागली, प्यायचं बंद झालं, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, गरज पडली तर १०८ ला फोन करायचा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. ते साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजावे, आणि तेवढेच आले तर लगेच दाखवावं. आशाताई घरी येतात तेव्हा हेच बघत असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात, तिसऱ्या दिवसापासून. त्यांना दारातूनच चहा देऊन वाटेला लावू नका. बसवा आणि मनातलं सगळं विचारा.

मग मी तिला विचारलं, "तुम्ही जाग्या राहता म्हणून बाळ सुरक्षित राहतं, असं वाटतं का?" ती लगेच हो म्हणाली. तिची सगळी गाठ इथेच होती. झोपेतल्या अचानक मृत्यूंपासून बाळाला जे वाचवतं ते ठरतं निजवताना. पहाऱ्याने त्यात फारशी भर पडत नाही. बाळाला पाठीवर निजवा, असं सांगणारी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं अशा मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या घरांतल्या आया काही जास्त जाग्या राहू लागल्या नव्हत्या. बाळ कसं निजवायचं, एवढंच बदललं होतं.

म्हणून मी तिला बाळाचं अंथरूण कसं असतं ते विचारलं. मऊ कापसाची गादी, डोक्याला गोल आकार यावा म्हणून राईची उशी, दोन्ही बाजूंना लोड, कानटोपी, वरून दुलई. जागरण एवढं, आणि अंथरूण मात्र असं. हे सगळं आजीने हौसेने शिवलेलं, मांडलेलं. इथे फार जपून बोलावं लागतं. "हे चुकीचं आहे" असं मी म्हटलं असतं, तर घरी जाईपर्यंत माय-लेकींचं भांडण झालं असतं आणि उशी तिथेच राहिली असती.

मी आजींना म्हटलं, "काकू, तुमच्या हातची मालीश चालू ठेवा, बाळाला तुमचा हात हवाच आहे. अंथरुणात मात्र थोडी मदत करा." नातीला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवायचं. उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. पांघरूण छातीच्या वर सरकणार नाही असं खोचायचं, आणि घरात झोपवताना टोपी काढायची, कारण तान्ही बाळं जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतात. पाठीवर निजून डोकं थोडं चपटं झालंच तर दिवसा जागेपणी, समोर बसून, पालथं घालून खेळवायचं. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अडते, म्हणून त्यात एकटं सोडायचं नाही. शेकशेगडीबद्दल मी सगळ्यात ठामपणे बोलले. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की वास नसलेला विषारी वायू साठतो आणि बाळ-बाळंतीण दोघींच्या जिवावर बेततं. ओव्याची धुरीही नको. एवढ्या लहान फुप्फुसांना धूर सोसत नाही.

"जवळ घेऊन झोपू का?" हेही तिने विचारलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, खोली एक, अंथरूण वेगळं. सगळ्यात सुरक्षित तेच. पण आपल्याकडे बहुतेक आया बाळाला कुशीत घेऊनच झोपतात, आणि "तसं करूच नका" म्हटलं तर बाई मान हलवते आणि घरी जाऊन तेच करते. म्हणून मी पुढचंही सांगते. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू घेतली असेल, कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, किंवा झोपेचं औषध चालू असेल, तर एका अंथरुणात अजिबात नको. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं.

यानंतर मी आजींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. अंघोळीच्या वेळी ती दाराबाहेर का उभी राहते, ते मनात राहिलं होतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, पाण्याचं घंगाळ बघितलं की तिचं तोंड पाण्यात धरल्याचं चित्र दिसतं. गॅलरीत गेले की हातातून टाकून दिल्याचं दिसतं. मी राक्षसीण आहे का?"

हा प्रश्न किती आया मनात दाबून ठेवतात, ते मला रोज दिसतं. बाळाला अपघाताने इजा होईल असे नकोसे विचार जवळपास प्रत्येक नव्या आईच्या मनात येऊन जातात. आपल्या हातूनच इजा होईल असे विचारही, कॅनडातल्या एका अभ्यासानुसार, जवळपास निम्म्या आयांना येतात. विचार येतो, आई हादरते आणि लांब पळते. हे हादरणंच सांगतं की तिला तसं काही करायचं नाही. ती घंगाळापासून लांब उभी राहत होती ती लेकीला जपण्यासाठीच.

याच्या अगदी उलट अवस्था असते, तीही ओळखायला हवी. बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, हजारात एखाद-दुसऱ्या बाईला कानात आवाज येऊ लागतात, बाळ आपलं नाही किंवा शापित आहे असं तिला खरंच वाटतं, झोपेची गरजच वाटेनाशी होते, बोलणं असंबद्ध होतं. तिथे समुपदेशनाची वाट बघायची नाही. आई आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २००९ पासून आईला बाळासह दाखल करून घेणारा विभाग आहे.

आमच्या या आईत तसं काही नव्हतं. मी तिच्याकडून एडिनबर्गची १९८७ सालची दहा प्रश्नांची चाचणी भरून घेतली. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायला ती जगभर वापरतात. तिचे गुण जास्त आले, म्हणजे नैराश्याची शक्यता होती. आश्चर्य वाटलं नाही. गोव्यातल्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी तेवीस टक्के जणी नैराश्यात होत्या. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, हे ऐकल्यावरच ती जायला तयार झाली.

घरी आम्ही एकच नियम ठरवला. रात्री निजवताना अंथरूण एकदा नीट बघायचं, मग बॅटरी बंद. दहा ते तीन बाळ आजीजवळ. भूक लागली की आजीने आणून द्यायचं, पाजून झालं की परत न्यायचं. शनिवार-रविवारी ही पाळी बाळाच्या बाबांची. त्यांना मी फोनवर सांगितलं की "अगं, काही होत नाही" म्हणू नका, "मी जागा आहे, तू झोप" म्हणा. पहिले काही दिवस ती चोरून उठतच होती. आजींनी ते मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ओरडू नका, उठण्याआधी थोडं थांब एवढंच म्हणा. हळूहळू उठणं कमी झालं. अंघोळीला आधी ती आजीच्या शेजारी बसू लागली, मग तांब्याने पाणी घालू लागली, मग आजी शेजारी बसून राहिली आणि अंघोळ तिने घातली. चित्रं मधून मधून दिसतच होती. फक्त ती आता त्यांना घाबरून उठून जात नव्हती.

मुलगी रांगायला लागली तेव्हा ती पुन्हा आली, घरातल्या धोक्यांची यादी घेऊन. ही काळजी मला फार आवडली, कारण हिच्यावर काहीतरी करता येतं. मी सांगितलं, एकदा स्वतः जमिनीवर रांगत घरभर फिरा. न्हाणीतली बादली रिकामी करून पालथी. वीतभर पाण्यातही रांगतं मूल बुडतं. फिनेल, रॉकेल शीतपेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. रिमोट आणि खेळण्यांतल्या चपट्या गोल सेलच्या झाकणाला स्क्रू हवा. तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून उलटी काढत न बसता थेट मोठं रुग्णालय. अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांपर्यंत नको. कडेवर मूल असताना हातात चहा नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही.

आजींनी मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवल्याचं तिने सांगितलं. झोप लागते का, असं मी विचारलं. "लागते. तीच मला उठवते आता," ती म्हणाली. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याने अजून चालू आहेत.

ज्यांना जवळ कुणी समुपदेशक नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही आहे. मनात नकोशी चित्रं दिसतात हे घरात सांगवत नसेल, तर तिथे सांगा.