खाडीकाठच्या गावात उधाणाचं पाणी शिरू नये म्हणून सिमेंटची भिंत बांधावी की तिवरं (खारफुटीची झाडं) वाढवावीत?

दोन्ही हवं, पण आधी तिवरं. रायगडात पेण-अलिबागकडे खारबंदिस्तीचे, म्हणजे खारं पाणी अडवणारे, मातीचे बांध पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बांधाबाहेर तिवरांचा पट्टा असेल तर लाट मुळांच्या जाळ्यात अडखळते, गाळ तिथंच बसतो आणि बांधावर थेट मार बसत नाही. पट्टा तोडला की तोच बांध ढासळतो. बांधातली खेकड्यांची बिळं एरवी किरकोळ वाटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला त्यातूनच पाणी झिरपतं, माती सुटते आणि बघता बघता खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शेतात आलं की पुढची काही वर्षं भात धड येत नाही.

उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडपांची वाट, विसरू नका. ओहोटीला तिची झापं (झडपा) उघडून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती मिटतात. झापांत प्लास्टिक अडकलं तर गाव आतूनच बुडतं, म्हणून पावसाळ्याआधी ती साफ हवीतच.

नुसती काँक्रीटची भिंत लाट परतवते, पण पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत तिथंच बांधा जिथं घरं अगदी काठावर आहेत आणि तिवरांना जागाच नाही. तिवरं तोडायला महाराष्ट्रात कायद्यानं बंदी आहे, हेही ग्रामसभेत सांगा.