आई शिक्षिका होती, बचत गटाचं आणि साक्षरतेचं काम करायची. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची तर मजकूर कसा गोळा करावा, खर्च किती येईल?

आठवणींचे लेख मागवू नका. वीस जणांकडून 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू' एवढंच येतं. नाव बदललं की तो लेख कुणाच्याही आईला चालतो. आधी कागद शोधा.

पहिला कागद सेवापुस्तिका, म्हणजे नेमणूक, बदल्या, रजा यांच्या नोंदींचं नोकरीचं पुस्तक. मूळ प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असते, पण बऱ्याच बाई दुय्यम प्रत घरी ठेवायच्या. पेन्शनच्या फायलीत बघा. आमच्या मावशीची स्मरणिका तिथूनच उभी राहिली. जन्मतारीख १ जून १९४८. ती खरी धरू नका, शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लिहायचे. घरात सांगत, 'पोलिस ॲक्शनच्या वेळी रांगत होती' (हैदराबाद संस्थानावरची कारवाई, सप्टेंबर १९४८), म्हणजे जन्म त्याआधीच्या हिवाळ्यातला. दोन्ही छापा. नोंदीतली तारीख टाकून देता येत नाही, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षाची निवृत्ती तिच्यावरच ठरते: १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीला, म्हणून ३१ मे २००६.

जिल्ह्याचं नाव हमखास चुकतं. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. औसा आज लातूर जिल्ह्यात आहे, पण मावशीची तिथली त्याआधीची नोकरी उस्मानाबाद जिल्हा परिषदेची.

रजेच्या पानावर तीन प्रसूती रजा होत्या. तिसरीनंतर दीड महिन्यात बदली, तीही एसटी न जाणाऱ्या गावाला. भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठ्यांत दोन उचली: एक विहिरीसाठी, एक थोरल्याच्या कॉलेजसाठी. एवढं समोर असूनही घरच्यांनी प्रस्तावनेत 'घर सांभाळून नोकरी केली' हेच वाक्य ठेवलं. ते साफ चुकीचं आहे. नोकरीनं घर सांभाळलं होतं. तुम्ही ते वाक्य छापू नका.

कागद जिथं गप्प बसतात तिथं माणसं गाठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या आठवड्यांबद्दल सेवापुस्तिकेत एक ओळ नव्हती. जुन्या विद्यार्थ्यांना 'बाई कशा होत्या?' असं विचारू नका. पत्र्याच्या शेडात फळा कशाला टेकवला होता, गेलेल्या पोरांच्या नावांचं हजेरीत काय केलं, असं विचारा. एक जण म्हणाला, शाळा पुन्हा भरली त्या दिवशी बाईंनी हजेरी घेतलीच नाही, नुसती डोकी मोजली. दुसरी म्हणाली, सगळी नावं वाचली, गेलेल्यांचीसुद्धा, आणि प्रत्येकापाशी थांबल्या. दोन्ही छापलं. कोण खरं, हे ठरवत बसलो नाही.

साक्षरतेच्या कामाचा पुरावा बचत गटाच्या रजिस्टरात सापडतो. एकाच बाईच्या नावापुढं काही महिने अंगठा, मग एके दिवशी वाकडीतिकडी सही. त्या पानाचा फोटो त्या बाईला विचारूनच घ्या, रकमेचे रकाने झाका. दहा लेखांपेक्षा ते एक पान जास्त सांगतं.

छपाई: डेमी आकार (नेहमीच्या कादंबरीएवढा), ४८ पानं पुरेत. पानांची संख्या ८ च्या पटीत ठेवा, नाहीतर कोरी पानं उरतात. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला ओढून काढू नका, वरचा थर सुटून येतो; अल्बमसकट दिवसाच्या उजेडात टिपा. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर प्रेसवाले जुन्या फॉन्टमध्ये घेतात तेव्हा रफार आणि 'ऱ्य' मोडतात, म्हणून आडनावांचं वेगळं प्रूफ वाचा.

खर्च मुख्यतः रंगीत पानांवर आणि प्रतींवर ठरतो. रंगीत फोटो विखरू नका, मधल्या ८ पानांत एकत्र घ्या, आणि तीन प्रेसचे भाव काढा.

एक राहिलं. सेवापुस्तिकेत एखादी ताकीद किंवा बिनपगारी रजा निघेल. ती छापण्याआधी भावंडांना दाखवा. आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा, निधीच्या चिठ्ठ्या समोर ठेवून.