साडेतीन की अडीच?

प्रश्न : मुलगा लंडनला, मुलगी म्युनिकला. तो ‘हाफ थ्री’ म्हणतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, ती ‘हाल्ब द्राय’ म्हणते तेव्हा अडीच. शब्द तर तेच, मग तासाचा घोळ कसा?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, या घोळापायी मी कोलोनमध्ये दंतवैद्याकडे तासभर उशिरा पोचले होते. काउंटरवरच्या बाई काही बोलल्या नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं बोट केलं.

इंग्रज बोलताना मधला ‘पास्ट’ गिळतो : तीन वाजून वर अर्धा. जर्मन म्हणतो, तिसरा तास निम्मा झाला. डच आणि स्वीडिश लोकांचंही तसंच.

हसू नका, आपणही तेच करतो! ‘अडीच’ आला संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा, अगदी जर्मन थाट. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासकट, तो इंग्रजी हिशेब. दोन्ही पद्धती आपल्या एकाच घड्याळात सुखाने नांदतात.

डॅनिश लोकांनी तर कमाल केली आहे. त्यांचा पन्नासाचा शब्द मुळात ‘अडीच विसा’ आहे. आमची आजी अंडी विशीने मोजायची, तिला तो लगेच कळला असता.